दुहेरी हवेचे इंजिन : लान्चापासून कोकण रेल्वेपर्यंत

इंजिनाला किती इंधन जाळता येईल हे सिलिंडरमध्ये किती हवा भरता येते यावर ठरत असल्यामुळे, आकार न वाढवता हवा दाबून भरणारी दोन साधने प्रचारात आली: क्रँकशाफ्टवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरून, गती घेणारा सुपरचार्जर आणि स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युशी याने १९०५ मध्ये ज्याचे पेटंट घेतले तो, बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवर फिरणारा टर्बोचार्जर. पहिला तत्काळ दाब देतो, पण त्यासाठी इंजिनाचीच शक्ती खर्च होते. दुसरा वाया जाणारी ऊर्जा वापरतो, मात्र इंजिनाचे फेरे कमी असताना वायूंचा झोत अपुरा पडून शक्ती उशिरा मिळते, आणि या विलंबालाच टर्बो लॅग म्हणतात.

दोन्ही साधने एकाच इंजिनावर बसवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे इटलीची लान्चा डेल्टा एस-४ ही रॅलीची मोटार, जिने १९८५ च्या ब्रिटनमधील आरएसी रॅलीत पदार्पणातच विजय मिळवला. तिच्या इंजिनाचे आकारमान १,७५९ घनसेंटिमीटर एवढेच ठेवण्यामागे नियमांचा हिशेब होता, कारण दाबाने हवा भरणाऱ्या इंजिनाचे आकारमान १.४ ने गुणून वर्ग ठरत असे आणि अडीच लिटरच्या आत राहणाऱ्या मोटारीला वजनाची सवलत मिळे. पुढे फोक्सवॅगनने २००५ मध्ये हीच रचना १.४ लिटरच्या इंजिनातून रस्त्यावरच्या मोटारींत आणली. परंतु खर्च आणि गुंतागुंत यांमुळे ती मोटारींत फारशी रुजली नाही.

महाराष्ट्रात या कल्पनेचा खरा आणि दीर्घ वापर झाला तो रुळांवर, हे मोटारींच्या इतिहासात क्वचितच नोंदवले जाते. अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाची रेल्वे इंजिने टू-स्ट्रोक डिझेल होती. अशा इंजिनात हवा ओढून घेणारा स्वतंत्र फेरा नसल्याने बाहेरून दाबाने हवा मिळाल्याशिवाय ते सुरूच होत नाही. म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या अभियंत्यांनी टर्बोचार्जर दंतचक्रांनी क्रँकशाफ्टला जोडला आणि मध्ये एकाच दिशेने पकड घेणारा क्लच बसवला. इंजिन सुरू होताना आणि भार कमी असताना तो दंतचक्रांनी सुपरचार्जरसारखा फिरतो, आणि भार वाढून वायूंचा जोर पुरेसा झाला की क्लच आपोआप सुटून तो निखळ टर्बो बनतो. मोटारीत दोन यंत्रांनी साधलेले काम येथे एकच यंत्र करते, आणि रचनेच्या दृष्टीने हाच अधिक देखणा उपाय म्हणावा लागेल. अशा इंजिनांची डब्ल्यूडीएम-४ ही मालिका १९६२ पासून भारतात आली, म्हणजे लान्चाच्या तब्बल दोन दशके आधी, आणि ४,००० अश्वशक्तीची डब्ल्यूडीजी-४ ही मालवाहू मालिका १९९९ पासून.

भिवंडी तालुक्यातील राहनाळ गावाच्या दृष्टीने हा इतिहास दूरचा नाही. या गावाजवळच्या भिवंडी रोड स्थानकावरून वसई–दिवा मार्ग जातो, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण खुली झाल्यावर गुजरातेतून दक्षिणेकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना हाच जवळचा रस्ता मिळाला. पुढे कोकणच्या चढ-उतारांवर डब्ल्यूडीजी-४ आणि तिच्या वर्गातील प्रवासी इंजिने धावली. कल्याणच्या डिझेल शेडमध्येही याच घराण्यातील ४,५०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीपी-४डी इंजिने होती. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्यापासून त्या मार्गावरच्या बहुतेक गाड्यांचे काम विजेच्या इंजिनांकडे गेले आहे.