दरवाजा आणि पान्हा

कोजागिरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी संध्याकाळी गडावरच अडकते. दरवाजे मिटलेले असतात, पहारेकरी सोडत नाहीत, खाली घरी तान्हे मूल असते आणि ती कडा उतरून जाते. शालेय पाठांपासून 2019 च्या चित्रपटापर्यंत ही कथा आपण वात्सल्याची म्हणूनच वाचत आलो आहोत. लोककथेकडे तारखेचा पुरावा मागण्यात अर्थ नाही, परंतु तिच्यातली एक साधी गोष्ट वाचनात निसटते : हिरकणी कडा उतरते, ती दरवाजा बंद आहे म्हणून. आई आणि मूल यांच्यामध्ये कामाची जागा, कामाची वेळ आणि दुसऱ्याच्या हातातली किल्ली उभी आहे. अंगावरच्या दुधाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ममतेआधी या किल्लीकडे पाहिले पाहिजे.

मुंबईच्या गिरणगावात हा दरवाजा रोज सकाळी लागत असे. 1891 च्या कायद्याने कारखान्यातल्या स्त्रीचा दिवस 11 तासांवर आणला होता. म्हणजे तान्ह्या मुलाच्या चार-पाच पाजण्या कामाच्या वेळातच जात. मूल पाजले गेले नाही की दूध आटत जाते, हे कोणत्याही सुइणीला ठाऊक होते. मग मूल चाळीच्या खोलीत म्हातारीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे राही, आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची 'बाळगोळी' दिली जाई. डॉ. बार्न्स यांनी 1921-22 च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयी पाहणी केली, तीत अशा मातांच्या शंभरापैकी 98 अर्भकांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. 1921 साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके दगावली. (हा आकडा जपून वाचावा, गावी जन्मलेली, मुंबईत मेलेली मुले मृत्यूच्या रकान्यात येत, जन्माच्या नाही.)

या साऱ्याचे निदान त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षितांनी 'मातांचे अज्ञान' असे केले. मला ते पटत नाही. पाजायचे कसे, हे त्या बायकांना कळत नव्हते असे नाही; पाजायला त्या घरी नव्हत्या. अफू हे त्यांनी शोधलेले उत्तर भयंकर होते, पण प्रश्न त्यांनी निर्माण केलेला नव्हता.

म्हणूनच मुंबईच्या कायदेमंडळात 1928 च्या जुलैत प्रसूती-साहाय्याच्या विधेयकावर डॉ. आंबेडकरांनी केलेले भाषण महत्त्वाचे ठरते. बाळंतिणीला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे खर्चाचा भार बराचसा सरकारने उचलावा. परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकालाही होतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मातृत्वाची स्तुती करणारी भाषा आपल्याकडे मुबलक होती. त्याचा हिशेब मांडणारी भाषा नवी होती.

1929 साली कायदा झाला. प्रसूतीनंतर चार आठवडे बाईला कामावर घेण्यास त्याने बंदी घातली. पाचव्या आठवड्यात दरवाजा पुन्हा लागे. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी खोली मागण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी, ही तरतूद 1961 च्या कायद्यात आली. तोवर मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकाच झपाट्याने कमी झाल्या होत्या.

महाराष्ट्रातल्या एस.टी. स्थानकांवर पाजण्यासाठी ज्या खोल्या झाल्या, त्यांना 'हिरकणी कक्ष' असे नाव मिळाले. खोल्या हव्याच होत्या. पण हिरकणीला अशा खोलीचा काहीच उपयोग झाला नसता. तिचे मूल गडाखाली, घरी होते.