धुळाक्षरं

कशाचीही सुरुवात झाली की आपण 'ओनामा झाला' म्हणतो. हा शब्द 'ॐ नमः सिद्धम्' वरून आलेला. पंतोजींच्या शाळेत लेकरू बसलं की पहिल्यांदा त्याच्याकडून हेच घोकून घेत. अर्थ लेकराला कळत नसे आणि (माझी आपली शंका) बऱ्याच पंतोजींनाही नसावा. घोकून घोकून त्याचं 'ओनामासीधं' झालं. पाटीवर धूळ पसरायची, त्यात बोटानं अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. ही धुळाक्षरं. आमच्या धाराशिवकडे पाऊस कमी, त्यामुळे बाकी काही नसलं तरी धुळीला तोटा नाही!

दुसरी गंमत म्हणजे देवनागरीला आपल्याकडे 'बाळबोध' म्हणत. मोडी ही भराभर लिहायची, कारकुनी. बाळबोध सुटी सुटी, पोरासोरांनाही कळेल अशी. म्हणजे लिपीला नाव लेकराचं, पण लेकराकडे बघून शिकवायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सुरुवातीच्या इयत्तांना मराठी असे, पण पुढचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दू माध्यमाचंच. या वातावरणात १९२१ साली हिप्परग्याला (आता लोहारा तालुक्यात) राष्ट्रीय शाळा निघाली. संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ होण्याआधी व्यंकटेश खेडगीकर तिथे शिकवायला आले होते. मोठंच काम. पण ते शाळेत जाण्याएवढ्या मुलांसाठी. त्याहून लहान पोरं घरात, शेतात, आजीच्या पदराला.

आता माझं म्हणणं असं की वाचनाची निम्मी तयारी त्या पदराशीच होत होती. आमची आज्जी शाळेची पायरी चढली नाही, पण जात्यावर बसली की तासभर ओव्या म्हणायची. शेवटी तेच अक्षर पुन्हा पुन्हा यायचं आणि आम्ही मांडीवर पडल्या पडल्या पुढचा शब्द ओळखायचो. तुळजापूरचा गोंधळी दारात आला की संबळाच्या ठेक्यावर आम्ही टाळ्या पिटायचो. शब्दाचे आवाजात तुकडे पडतात हे कानाला आधी कळावं लागतं, डोळ्याला नंतर. मराठीत तर हे फारच सोपं आहे बघा. क-म-ळ, तीन टाळ्या, तीन अक्षरं! अडचण पुढे येते. 'दिवा' लिहिताना वेलांटी द च्या आधी दिसते आणि बोलताना नंतर येते. घ आणि ध, म आणि भ यांत मोठ्यांचीही नजर चुकते. तिथे पक्का झालेला कानच लेकराला तारतो.

लेकराकडे बघून शिकवणारी माणसं भेटली ती आमच्यापासून दूर, डहाणूकडे. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करत होत्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ ला ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि १९५७ ला सगळं कोसबाडच्या टेकडीवर हललं. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. आधी गाणी, गोष्टी, माती, बिया, पानं, अक्षर त्यानंतर.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण सोबतचं शिकवणं तेवढं गेलं नाही. योजनेतल्या सहा सेवांपैकी शाळापूर्व शिक्षण ही एक. आहार, लसीकरण, वजनं आणि रजिस्टरं सांभाळून सेविकाताई गाणी कधी घेणार?

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घरातलं भांडण. भाचीची लेक पावणेचार वर्षांची. तिला एका इंग्रजी नर्सरीत घातलंय. रोज पानभर ए, पानभर बी. पेन्सिल धरून बोटं दुखतात, पोरगी रडते. भाची म्हणते, "मामा, बाकीच्यांची पोरं वाचायला लागली, आमची मागं पडली तर?" तिची काळजी खोटी नाही. आम्ही खेड्यातून आलेली माणसं, मागं पडणं म्हणजे काय ते आम्हाला चांगलं माहीत आहे. पण या वयात मांडीवर बसवून रोज एक गोष्ट वाचून दाखवली, ओळीखालून बोट फिरवलं, नावातली अक्षरं टाळ्यांवर मोजली, तर ते मागं पडणं नाही, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, तेही दाखवलं.

भाची अजून पुरती पटलेली नाही. तिच्या सासूबाईंना मात्र जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात असं कळलंय. तेव्हा दिवाळीत मोर्चा तिकडे.