सुरेच्या गाळाची प्रतवारी

घरी केलेल्या मद्याच्या तळाशी बसणारा गाळ म्हणजे काढून टाकायची घाण, असे आपण सहज धरून चालतो. प्राचीन भारतातल्या सुरेची वर्णने वाचली की हे गृहीत टिकत नाही. तिथे सुरा निवळू देणे म्हणजे एकाच भांड्यातल्या मालाची प्रतवारी लावणे होते. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात ही प्रतवारी वरून खाली सांगितली आहे. शिजवलेले धान्य आंबवून केलेल्या सुरेची वरची निवळ ती प्रसन्ना, तिच्याखालची दाट ती कादंबरी, त्याखाली जगल, जगलाहून घट्ट तो मेदक, आणि सार निघून गेल्यावर उरणारा चोथा तो वक्कस. सुरेचे बीज म्हणून किण्वाचा, म्हणजे आंबवणाऱ्या विरजणाचा, उल्लेखही याच ओळीत येतो. कोणी म्हणेल, वर्गीकरणाची आवड असलेल्या वैद्यांनी कागदावर पाडलेले हे थर आहेत. पण सुश्रुताने त्यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. प्रसन्ना उलटी आणि अरुचीवर; जगल उष्ण, पाचक आणि सूज उतरवणारा; वक्कस मात्र सार गेल्यामुळे मलावरोध करणारा आणि वात वाढवणारा. ज्या गाळाचा औषधी उपयोग लिहून ठेवला जातो, तो कोणीतरी जपून वेगळा काढत असणार. शिवाय निरुपयोगी थर निरुपयोगी म्हणूनच नोंदला आहे, आणि त्यामुळे बाकीच्या नोंदींवरचा विश्वास वाढतो.

याहून अवघड आक्षेप कौटिल्याच्या अर्थशास्त्रातून उभा राहतो. सुराध्यक्षाच्या प्रकरणात प्रसन्ना आणि मेदक हे एका भांड्याचे थर नाहीत, दोन स्वतंत्र पेये आहेत. जुन्या मापांत सांगायचे तर मेदकाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. प्रसन्नेला बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. राजासाठीच्या सुरेला तर मुद्दाम निवळायचे चूर्ण सांगितले आहे. पळस, करंज आणि चिकाच्या झाडांच्या काढ्याची भावना दिलेली भाजलेली शर्करा, तिच्या निम्मा लोध्र, चित्रक, वावडिंग, नागरमोथा, दारुहळद, आघाडा, सातवीण, कडुलिंब वगैरेंचा कल्क. असे मूठभर मिश्रण एका कुंभीला पुरे. यातली काही द्रव्ये तुरट आहेत. तुरट द्रव्ये पेयातल्या प्रथिनांना धरून जड होतात आणि तळाशी जातात, तेव्हा या कृतीत तथ्य असणार. नितळपणाला दरबारी मोल होते हे यावरून मान्यच करावे लागते. मात्र वरच्या थराला मान मिळाला म्हणून खालचा थर फेकला जात होता, असे त्यातून सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न किण्वाचा आहे. कौटिल्याचे किण्व उडीद आणि तांदूळ यांपासून नव्याने बनवलेले असते, त्याला गाळाची गरज नाही. मग गाळाला बीज कसे म्हणावे? उत्तर भांड्यात काय घडते यात सापडते. आंबणे जोरात असते तोवर वायूचे बुडबुडे सगळे कण वर ढवळत ठेवतात. साखर संपली की ते शांत होतात आणि यीस्ट खाली बसते. यीस्टची पेशी इतकी बारीक की साध्या फडक्यातून सहज निसटते, म्हणून गाळण्याने जे साधत नाही ते नुसत्या थांबण्याने साधते. या तळाच्या थरात पुढचे भांडे आंबवण्याची ताकद शिल्लक असते, जशी वाटीतल्या उरल्या दह्यात विरजणाची. लुई पाश्चरने 1857 पासून आंबणे हे सजीवांचे काम असल्याचे दाखवायला सुरुवात केली. त्याआधी कित्येक शतके माणसे ही ताकद कारण न कळता वापरत होती. सरकारी सुरागृहात ताजे किण्व ठरल्या मापाने करणे परवडत असेल. घराघरात तसे नव्हते, आणि कौटिल्यानेच गृहस्थांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायची मोकळीक दिली आहे. अशा लहान कारभारात मागच्या भांड्याचा गाळ हाच सर्वांत हाताशी असलेले किण्व ठरणार, असे माझे मत आहे.

आंबवणे आणि निवळणे धान्याच्या सुरेपुरते नाही. द्राक्षांचे मद्यही कौटिल्याला माहीत आहे. कापिशायन आणि हारहूरक ही त्याची नावे तो देशांवरून देतो. आयुर्वेदाच्या आसव-अरिष्टांत, द्राक्षासवातही, धायटीची फुले आंबवण्याला चालना देतात. निवळू देण्याची रीत इथेही आहे: भांडे उघडल्यावर वरचा द्रव आधी अलगद ओतून घेतात, दोन-तीन दिवस ठेवून बारीक कण बसू देतात, आणि मगच गाळून बाटलीत भरतात.