ब्रिटिश चित्रांतील श्वान आणि अनुपस्थित धनी

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश श्वानचित्रांची संभावना पुढील काळातील समीक्षेने बहुधा ‘भावविवशता’ या एका शब्दात केली. परंतु हा निवाडा झाला, मीमांसा नव्हे. ती भावना कोणत्या रचनेतून उत्पन्न होते आणि कोणत्या समाजाला ती हवीशी वाटली, हा इतिहासाभ्यासकापुढील प्रश्न आहे. सर एड्विन लँडसिअर (१८०२–१८७३) यांच्या दोन कृती शेजारी ठेवल्या असता त्याचे उत्तर काही अंशी हाती लागते.

‘वृद्ध मेंढपाळाचा प्रमुख शोककर्ता’ हे चित्र १८३७ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडले गेले. झोपडीत शवपेटी ठेवलेली आहे आणि तिच्यावर मान टेकून कुत्रा निश्चल बसला आहे. जवळच मिटलेले बायबल, चष्मा, टोपी व काठी दिसतात. मनुष्य मात्र एकही नाही. रस्किन यांनी १८४३ मध्ये ‘मॉडर्न पेंटर्स’च्या पहिल्या खंडात या चित्राची मुक्तकंठाने प्रशंसा केली. दुसरे चित्र १८४१ चे. व्हिक्टोरिया राणीने ते पती अल्बर्ट यांना नाताळची भेट देण्यासाठी काढवून घेतले. त्यात अल्बर्ट यांची आवडती ग्रेहाउंड कुत्री इऑस उभी असून जवळ त्यांची उंच टोपी, हातमोजे व छडी आहे. धनी येथेही दृष्टीआड आहे.

झोपडी आणि राजवाडा यांत अंतर केवढे! तरीही रचना एकच: धन्याच्या वस्तू मागे उरलेल्या, आणि त्याच्या वतीने कुत्रा साक्षीला उभा. स्वामिनिष्ठा हा वर्गभेदातीत, जणू निसर्गदत्त गुण आहे, असेच ही चित्रे सुचवितात. मेंढपाळाचे चित्र लीड्सच्या कापड-व्यवसायातील घराण्यात जन्मलेल्या जॉन शीपशँक्स यांच्या संग्रहात होते व १८५७ मध्ये त्यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. हे चित्र प्रदर्शित झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८३८ मध्ये, चार्टिस्टांनी मताधिकाराची सनद प्रसिद्ध केली होती. अशा काळात वेतन व हक्क यांची भाषा न बोलणारा सेवक संपन्न ग्राहकांना प्रिय वाटला असल्यास नवल नाही. चित्रकाराचा तसा हेतू होता असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

ही करुणा सरसकट प्राणिमात्रांविषयीची नव्हती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. १८३५ च्या कायद्याने कुत्र्यांच्या झुंजींच्या अड्ड्यांवर बंदी आली. उमरावांची शिकार अबाधित राहिली. १८४४ मध्ये लँडसिअर यांनीच भाल्यावर उचललेले पाणमांजर आणि त्याभोवती उसळणारी शिकारी कुत्र्यांची झुंड रंगविली. त्या झुंडीतील कुत्रा शोक करीत नाही. धन्याच्या आज्ञेने तो मारावयास धावतो. शवपेटीवर मान टेकणारा कुत्रा आणि हा कुत्रा परस्परविरोधी नाहीत. दोन्ही ठिकाणी त्याचे मोल धन्यावरूनच ठरते. प्राण्याला अंतःकरण बहाल करणाऱ्या या कलेने त्याला स्वतःचे आयुष्य मात्र क्वचितच दिले.