वाटेवरचे स्वयंपाकघर

कळंबोलीच्या लोहपोलाद बाजारालगतच्या रस्त्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास गेलात, तर ओळीने उभ्या ट्रकांच्या आडोशाला शेगड्या पेटलेल्या दिसतात. तिथेच एका चालकाला मी त्याची भांड्यांची पेटी दाखवायची विनंती केली. बीड जिल्ह्यातला, पन्नाशीचा माणूस. "बघा की सर, त्यात काय लपवायचंय?" म्हणत त्याने चेसिसला बोल्टने जखडलेली लोखंडी पेटी उघडली. आत तीन पातेली एकात एक बसवलेली, सगळ्यांत आतल्या पातेल्यात कांदे. तवा आणि परात पेटीच्या भिंतीला टेकवून उभी. सगळ्या फटींत जुन्या बनियनच्या चिंध्या. पीठ आणि मसाल्याचे डबे मात्र केबिनमध्ये, सीटमागच्या बाकाखाली. खाली ठेवले तर त्यांना डिझेलचा वास लागतो.

चिंध्या कशासाठी, असे विचारल्यावर तो हसला. "वाजतात हो. रात्रभर भांडी वाजत राहिली, तर गाडीचा आवाज कसा ऐकू येणार?"

त्या उत्तराने मला कामाला लावले. प्रवासाचा इतिहास आपण घाट, बंदरे आणि जकातनाक्यांच्या अंगाने लिहितो. वाटेवरचे जेवण कशात शिजले आणि ते भांडे कुठे बांधले होते, हे फारसे विचारत नाही.

१६३२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पीटर मंडीला उत्तर हिंदुस्थानात बंजाऱ्यांचा तांडा भेटला. धान्य लादलेले चौदा हजार बैल त्यात असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्याच शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सांगतो, की ही माणसे घरात राहत नाहीत. बायकामुलांसह वाटेवरच असतात. म्हणजे त्यांचे स्वयंपाकघरही वाटेवरच होते. १८०३ च्या दख्खन मोहिमेत वेलस्लीच्या फौजेची रसदही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होती. बैलाच्या पाठीवर ओझे दोन्ही अंगांना सारखे लागते आणि रोज उतरवून पुन्हा चढवावे लागते. घरातली मातीच्या मडक्यांची उतरंड अशा ठिकाणी टिकणारी नव्हे. धातूचे, एकात एक बसणारे, कमीत कमी भांडे, हा वाटेचा नियम तेव्हापासूनचा असला पाहिजे.

दुसरा नियम जातीने घातला. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. त्यांचे प्रवासवर्णन १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारख्या वैदिकाला वाटेत कुणाच्याही हातचे चालत नसे. सोवळ्यासाठी स्वतःचे भांडे जवळ हवेच. पण ज्यांना विहिरीवर पाणी नाकारले जाई, त्यांनाही स्वतःचेच भांडे जवळ बाळगावे लागे. एकाचे भांडे मानाचे, दुसऱ्याचे अपमानाचे. वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात दोन्ही तांबे शेजारी ठेवले, तर हा फरक दिसणार नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. डब्यात चूल पेटवता येत नाही, म्हणून पुढे रेल्वेच्या प्रवासात शिजवलेली शिदोरी आणि फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या आला. हिसक्यांत पाणी सांडू न देणारी ती फिरकी ही प्रवासानेच भांड्याला लावलेली शिस्त होती.

ट्रकच्या पेटीचा खरा पाया मात्र दोन शोधांत आहे. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला आणि सरपण शोधण्याचे काम गेले. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. तांबे पाण्याच्या जवळपास नऊपट जड, अ‍ॅल्युमिनियम तिपटीहूनही कमी. शिवाय कल्हईची गरज नाही. माझ्यासमोरच्या पेटीतली तिन्ही पातेली अ‍ॅल्युमिनियमचीच होती. स्टोव्हची जागा तेवढी छोट्या सिलिंडरवरच बसणाऱ्या शेगडीने घेतली होती.

ही पेटी नवी मुंबईतच इतकी का दिसते, याचे उत्तर शहराच्या घडणीत आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पुढे वाशीत घाऊक बाजार आला, कळंबोलीत पोलाद आले, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मालाने कुठे थांबायचे, याचा आराखडा झाला. गोदामे आणि कंटेनर यार्ड उभी राहिली. माल आणणाऱ्याचे थांबणे मात्र रस्त्याच्या कडेला राहिले. भार मिळेपर्यंत, बंदरात नंबर लागेपर्यंत, मुंबईत जड वाहनांना प्रवेश खुला होईपर्यंत तो थांबतो.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात उपाहारगृहाची तरतूद होती, पण शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे. दोन-चार ट्रकांच्या मालकाकडचा चालक त्यात बसत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगलीच गोष्ट. भांड्यांची पेटी मात्र अजून ज्याने त्याने बसवून घ्यायची.

"हॉटेलात का जेवत नाही?" मी विचारले.

"दोन्ही वेळा हॉटेलात जेवलो तर भत्ता तिथंच संपतो सर. मग घरी काय पाठवू?"

जुन्या प्रवाशाला परक्याच्या हातचे चालत नव्हते. याला परवडत नाही. ढाब्याच्या जेवणाचे गोडवे गाणाऱ्या आपल्याला हा फरक ठाऊक असायला हवा.

जेवण झाल्यावर त्याने भांडी घासली, पुसली, चिंध्या पुन्हा जागच्या जागी कोंबल्या आणि पेटीला कुलूप लावले. सकाळी त्याला वजनकाट्यावर जायचे होते. तिथे भरण्याआधी रिकाम्या गाडीचे वजन होते. तवा, परात, तीन पातेली आणि उरलेले कांदे, हे सगळे त्या 'रिकाम्या' वजनात धरले जाते.