आधी पाणी, मग बाप्तिस्मा

अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांच्या चर्चनी एकत्र येण्याविषयी वाचलं, की मला आपलं अहमदनगर आठवतं. आपल्याकडे रंगाच्या जागी जात. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत महार-मांग पुष्कळ, ब्राह्मण मोजके. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, तरी चूल-पाणी वेगळंच ठेवीत. जात माणसाने केली हे त्यांना पटलं, सोवळं सुटलं, आणि नंतर १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. बोलणी १९२९ पासूनची! आणि ते पंथभेद तर विलायतेहून आलेले. जात घरचीच. कॅथलिक बिशपांनी आपल्यातही अस्पृश्यता आहे हे धोरणात लिहून दिलं ते डिसेंबर २०१६ मध्ये.

आता नोव्हेंबरात एका रविवारी कॅथलिक-प्रोटेस्टंट मिळून ‘दलित मुक्ती रविवार’ पाळतात. १९५० च्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींबाहेर राहिले. बौद्धांना १९९० मध्ये आत घेतलं. इथे मानखुर्दला बौद्ध घरातल्या मुलाला मिळणारा दाखला त्याच जातीतल्या ख्रिस्ती मुलाला मिळत नाही.