दोन कुंडलिका आणि एक बंदर

मागच्या वेळी आपण जालन्याच्या बाजारपेठेबद्दल बोललो. आज मात्र तुम्हाला समुद्रावर न्यायचंय. जालन्याच्या व्याख्यानात समुद्र कुठून आला, असं काहींना वाटेल. तोच आजचा विषय आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही काही मंडळी अलिबागला एक दिवस काढायचा म्हणून निघालो. अभ्यासदौरा वगैरे काही नव्हता. रात्रीची रेल्वे धरली, सकाळी मुंबई गाठली आणि गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली. तासाभराचा प्रवास. सीगल पक्षी बोटीमागे लागलेले, डाव्या हाताला लांबवर न्हावाशेव्याच्या क्रेन. त्या पाहून आमच्यातला एकजण म्हणाला, "हे आपलंच बंदर की! दरेगावच्या ड्राय पोर्टचं थोरलं घर." सगळे हसलो. पण बोलणं खोटं नव्हतं. न्हावाशेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि त्याच बंदराच्या प्राधिकरणाने जालन्याजवळ हे कोरडं बंदर उभारलं. मराठवाड्याचा माल कंटेनरमध्ये इथेच भरायचा आणि थेट जहाजाकडे धाडायचा, अशी ती कल्पना.

अलिबागला कुलाबा किल्ला लांबूनच पाहिला, कारण भरती होती. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. मग टमटम करून आक्षी, नागाव, चौल या रस्त्याने रेवदंड्याला गेलो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. अंतर थोडं, पण आपण थांबत थांबत गेलो की अर्धा दिवस सहज जातो. आमचाही गेला.

रेवदंडा हे गाव पोर्तुगीज कोटाच्या आत वसलेलं आहे. तटबंदीच्या भगदाडातून रस्ता जातो, आत घरं, वाड्या, मोडक्या चर्चच्या भिंती आणि तो उंच सातखणी बुरूज. कोट ओलांडला की वाळू. आणि दक्षिणेला एक रुंद खाडी समुद्राला मिळते. बंदरावर होड्या लागल्या होत्या, जाळी वाळत होती. आम्ही एका कोळी मामांना खाडीचं नाव विचारलं. ते म्हणाले, "कुंडलिका."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आपल्या जालना शहरातून वाहते तीही कुंडलिकाच! आपली कुंडलिका पूर्वेला जाते, दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. रेवदंड्याची सह्याद्रीतून उतरून पश्चिमेच्या समुद्रात. नाव एक, पण एकीचं पाणी दुसरीला कधी भेटायचं नाही. मग आपला या किनाऱ्याशी संबंध कसला? पाण्याने नाही, तर मालाने.

आता जरा मागे जाऊ. रेवदंड्याला लागून असलेलं चौल हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुला' इथल्या दात्यांचा उल्लेख येतो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'सेमिल्ला' आहे, टॉलेमीकडे 'सिमुल्ला'. अरब लेखकांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. 1508 मध्ये इथेच पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातच्या आरमारांत लढाई झाली. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मुंबई मोठी झाली, आणि चौल वाड्यांचं गाव होऊन राहिलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर या गावच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळाच्या वस्तूंमध्ये हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती निघाली. आणि तिची जवळची बहीण कुठे सापडली होती, ठाऊक आहे? इटलीत, पॉम्पेईत! 1938 मध्ये. उंची जेमतेम 24 सेंटिमीटर. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

गंमत बघा. नेपल्सचा तो किनारा म्हणजे रोमन श्रीमंतांची हवा खायची जागा, त्यांचं अलिबागच म्हणा ना.

इथे मात्र आपण सांभाळून बोललं पाहिजे. "पॉम्पेईची मूर्ती भोकरदनहून गेली" असं आपल्याकडे भाषणात ठोकून दिलं जातं. पुरावा तेवढा नाही. तशीच मूर्ती तेरलाही मिळाली आहे. शिवाय पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणजे मूर्ती उत्तरेकडूनही गेली असेल. आणि 'पेरिप्लस' सांगतो की पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा, कारण कल्याणला ग्रीक जहाजांना अडवलं जात होतं. तेव्हा चौलच्या धक्क्यावरून ती गेली, असं छातीठोक म्हणता येत नाही.

मग काय म्हणता येतं? एवढं नक्की, की दख्खनच्या पोटातल्या या गावात आणि भूमध्य समुद्रावरच्या एका शहरात एकाच घडणीची वस्तू होती. मधे घाट होते, नाणेघाटासारखे. बैलगाड्या होत्या, मान्सूनचे वारे होते, तांबडा समुद्र आणि नाईल होती. आपल्या गावाला समुद्र नव्हता, पण समुद्राची वाट होती. 1900 च्या सुमारास मनमाडवरून निजामाची रेल्वे जालन्याला आली आणि आपला कापूस मुंबईकडे निघाला, तीही तीच वाट, रुळांवरची.

हे का सांगायचं? कारण आपली पोरं "आम्ही दुष्काळी भागातले, कोपऱ्यातले" असं स्वतःच म्हणू लागली आहेत. कोपरा हा नकाशाने ठरत नाही, वाट तुटली की गाव कोपऱ्यात जातं. चौल तर समुद्रावर असूनही कोपऱ्यात गेलं.

संध्याकाळी एका वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वर पेटता पाचोळा. ती खात आम्ही सूर्य बुडेपर्यंत बसलो. निघताना एकाने रिकाम्या बाटलीत खाडीचं पाणी भरून घेतलं, आपल्या कुंडलिकेत ओतायला म्हणून. परत आल्यावर मोतीबागेपुढच्या पुलावर गेलो, तर खाली पाणी थोडं आणि कचरा जास्त. बाटली अजून त्याच्या घरीच आहे. नदी स्वच्छ झाली की ओतू, असं ठरलंय. ते कधी, हे तुमच्या-आमच्या हातात आहे.